बाटलीच्या झाकणाचे जनक : विल्यम पेंटर

यंदा सहावीच्या वर्गाची सहल परतत असताना एक छोटासा प्रसंग घडला. एका स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा वर्गातल्या एका मुलाने फलाटावरून पाण्याची बाटली विकत घेतली. त्याने झाकण फिरवले, पण नेहमीचा 'कट्' असा आवाज काही आला नाही. झाकण अलगद निघून हातात आले. खालची कडी आधीच सुटलेली होती. बाईंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि सारे पाणी खिडकीबाहेर ओतून दिले. पैसे खाऊच्या पैशांतले होते, त्यामुळे मुलगा हिरमुसला. पण थोड्या वेळाने त्यानेच बाईंना विचारले, की बाटली आधी कुणी उघडली आहे हे झाकणानेच सांगावे, ही युक्ती पहिल्यांदा कुणाला सुचली असेल?

बाईंना उत्तर ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हां संपादक मंडळींनाही ठाऊक नव्हते. म्हणून शोधायला बसलो, आणि शोधता शोधता विल्यम पेंटर या गृहस्थांपाशी येऊन थांबलो. सोड्याच्या, थंड पेयाच्या काचेच्या बाटलीला पत्र्याचे जे दातेरी झाकण असते, ते या पेंटर यांनी शोधून काढले. झाकण जगभर पोचले, पण माणसाचे नाव मात्र त्यांच्या देशाबाहेर फारसे कुणाला माहीत नाही. या अंकात त्यांचीच ओळख करून देत आहोत.

मुलांनो, आधी हे लक्षात घ्या की 'सीलबंद' ही कल्पना पेंटर यांची नव्हे. ती फार जुनी आहे. आपल्याकडे थैलीच्या तोंडाला दोरी बांधून तिच्यावर लाख ओतत आणि लाखेवर मोहोर उठवत. लाख तुटली की समजायचे, मधल्या वाटेत कुणीतरी हात घातला आहे. युरोपातही बाटलीच्या बुचावर लाख किंवा मेण लावीत, तारा आवळीत. पण हे सारे हाताने करायचे काम. राजाच्या खलित्याला किंवा उंची मद्याच्या बाटलीला ते परवडे. चार पैशांच्या सोड्याच्या बाटलीवर लाख कोण ओतणार?

विल्यम पेंटर यांचा जन्म २० नोव्हेंबर १८३८ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ट्रायडेल्फिया नावाच्या गावी झाला. हे गाव १८०९ साली तिघा साडूंनी मिळून नदीकाठी वसवले होते. तेथे गिरण्या होत्या, कारागिरांची घरे होती. आज ते गाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. विसाव्या शतकात तेथे धरण झाले आणि गाव जलाशयाखाली गेले. धरणाखाली गेलेली गावे आपल्याही अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

वडील डॉ. एडवर्ड पेंटर वैद्यकी शिकलेले, आणि घर क्वेकर पंथाचे. साधी राहणी, सरळ बोलणे आणि युद्धाला विरोध यांसाठी हा ख्रिस्ती पंथ ओळखला जातो. विल्यम यांचे शिक्षण याच पंथाच्या शाळांत झाले. कॉलेजात ते गेले नाहीत. १८५५ साली, म्हणजे सतराव्या वर्षी, त्यांना डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरी चकचकीत चामडे तयार करणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारीला घातले. आज आपल्या आय.टी.आय.ची मुले कारखान्यात उमेदवारी करतात, तसेच ते काम.

उमेदवारी चालू असतानाच त्यांचे डोके दुसरीकडे धावू लागले. १८५८ साली, विसावे वर्ष पुरे व्हायच्या सुमारास, त्यांच्या नावावर पेटंटे निघाली. एक होते प्रवाशांचे भाडे जमा करण्याच्या पेटीचे आणि दुसरे रेल्वेच्या डब्यातले बाक झोपण्यासाठी उलगडता यावे यासाठी. पेटंट म्हणजे काय हे लहान वर्गांसाठी सांगतो : एखादी नवी युक्ती ज्याने शोधली, त्याच्या परवानगीवाचून ती दुसऱ्याने ठरावीक वर्षे विकू नये, असा सरकारने दिलेला हक्क.

पुढे ते घरी परतले आणि वडिलांच्या दुकानात बसू लागले. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॅरिएट डीकन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हीच अमेरिकेतल्या यादवी युद्धाची सुरुवात. १८६२ साली पेंटर यांनी खोटी नाणी ओळखण्याचे एक साधन तयार करून त्याचे पेटंट घेतले. गल्ल्यावर बसणाऱ्याला खोटे नाणे किती छळते हे दुकानदाराच्या मुलालाच कळणार! आम्हाला मात्र ही नोंद वाचून गंमत वाटली. पुढे जे झाकण त्यांना प्रसिद्धी देणार होते, त्याचाही उपयोग खऱ्याखोट्याची पारख करायला होणार होता, हे त्या वेळी त्यांच्या स्वप्नातही नसेल.

१८६५ साली युद्ध संपले आणि पेंटर बाल्टिमोर या बंदराच्या शहरी आले. तेथे एका यंत्रशाळेत त्यांना फोरमनची जागा मिळाली आणि त्यांनी वीस वर्षे तेथेच काढली. पंप, झडपा, निरनिराळी यंत्रे असे जे काम समोर येई ते करायचे, आणि करता करता त्यात सुधारणा शोधायची, हा त्यांचा शिरस्ता. आयुष्यभरात त्यांच्या नावावर ८५ पेटंटे झाली. त्यांतली कितीतरी कुणाच्याच उपयोगी पडली नाहीत. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आमच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला प्रयोग फसला की दुसऱ्या दिवशी तक्ता काढून ठेवणारी मुले आम्ही पाहतो.

आता बाटलीकडे वळू. त्या काळी सोडा, गोड पेये आणि बिअर बाटलीत भरून विकण्याचा धंदा जोरात होता, पण सर्वांची एकच रड होती, ती म्हणजे बूच. सोड्यात कार्बन डायॉक्साइड वायू दाबून भरलेला असतो. तो सतत बाहेर पडायला धडपडतो आणि बुचाला वर ढकलतो. बूच सैल असेल तर वायू निसटतो, सोडा मिळमिळीत होतो. घट्ट असेल तर उघडताना बाटलीच फुटते. याच्यावर उपाय म्हणून शेकडो लोकांनी शेकडो तऱ्हेची बुचे काढली. कुणी तारेच्या चापाने आवळलेले चिनी मातीचे बूच केले, कुणी बाटलीच्या आत स्प्रिंगवर लोंबणारे. या दुसऱ्या प्रकारात बूच आत ढकलावे लागे. म्हणजे त्यावर बसलेली धूळ थेट पेयात! शिवाय पत्र्याला, तारेला गंज चढे आणि पेयाला त्याची चव लागे ती वेगळीच.

आपल्या ओळखीची गोटी सोड्याची बाटलीही याच धडपडीतून आली. इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७२ साली तिचे पेटंट घेतले. योगायोग असा, की कॉड यांचा जन्मही १८३८ सालचाच. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, वर रबराचे कडे. सोडा भरला की आतला वायूच गोटीला वर ढकलून तोंड बंद करतो. अंगठ्याने गोटी दाबली की 'फुस्स' होऊन सोडा खुला. युक्ती फार सुंदर आहे आणि बाटली पुन्हा पुन्हा वापरता येते. पण एक गोष्ट पाहा : ती बाटली आधी कुणी उघडली, कुणी पुन्हा भरली, कोणत्या पाण्याने भरली, हे गोटी कधीच सांगत नाही. बंद झाली की जुनी बाटली नव्यासारखीच.

पेंटर यांनी १८८५ साली प्रथम तारेने आवळायचे रबरी बूच केले. ते पुन्हा वापरता येण्याजोगे होते. मात्र त्याच वर्षी त्यांना दुसरी कल्पना सुचली आणि तिने पहिलीला मागे टाकले. बाटलीच्या तोंडात आतून एक खाच ठेवायची आणि तिच्यात रबराची एक लहान चकती दाबून बसवायची. ओढून काढायला चकतीला तारेची छोटी कडी. एकदा काढली की चकती टाकून द्यायची. ती इतकी स्वस्त होती की टाकून दिल्याचे दुःख होऊ नये. या चकतीवर कंपनी उभी राहिली, बाल्टिमोरबाहेरही माल खपू लागला, फोरमन असलेले पेंटर कारखानदार झाले.

कुणी दुसरा असता तर इथे थांबला असता, धंदा नीट चालला होता. पण रबराची चकती अजूनही पेयाला चिकटून बसत होती आणि तिच्या मागे बाटलीच्या तोंडात आतून खाच पाडणे आलेच. पेंटर स्वतःच्याच चालत्या मालाच्या मुळावर उठले. झाकण बाटलीच्या आत घालायचेच कशाला, ते बाहेरून का धरू नये, या दिशेने त्यांचे प्रयोग सुरू झाले.

त्यातून जे निघाले ते दिसायला अगदी साधे आहे. पत्र्याची एक गोल चकती, तिची कड चुण्या पाडून खाली वळवलेली. आत बुचाच्या लाकडाची, म्हणजे कॉर्क ओक झाडाच्या सालीची, पातळ चकती. बाटलीच्या तोंडाला बाहेरून एक जाडसर कांठ. झाकण वर ठेवायचे आणि यंत्राने वरून दाबायचे. कॉर्क दबून काचेवर घट्ट बसतो आणि त्याच क्षणी पत्र्याच्या चुण्या आत वळून कांठाखाली पकड घेतात. वायू कितीही ढकलो, दाते सोडत नाहीत. पहिल्या झाकणाला असे २४ दाते होते. उलटे धरले की ते मुकुटासारखे दिसते, म्हणून इंग्रजीत त्याला 'क्राउन कॉर्क' असे नाव पडले. २ फेब्रुवारी १८९२ रोजी त्याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी बाल्टिमोरला 'क्राउन कॉर्क अँड सील' ही कंपनी निघाली.

पण मग ते उघडायचे कसे? दात्यांखाली काहीतरी अडकवून पत्रा उचकटावा लागतो. १८९४ साली पेंटर यांनी त्यासाठी ओपनरचेही पेटंट घेतले. आणि आमच्या सहावीतल्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर नेमके इथे आहे. उचकटताना पत्रा वाकतो. वाकलेला पत्रा हाताने कितीही ठोकला तरी पहिल्यासारखा बसत नाही, दाते पूर्वीसारखी पकड घेत नाहीत. झाकण उघडले ही गोष्ट त्या पत्र्यावर कायमची उमटून राहते. लाख नको, मोहोर नको, आणि खर्च कवडीचा. पेंटर यांचा मूळ हेतू वायू अडवण्याचा आणि पेय स्वच्छ राखण्याचा होता. ही राखणदारी त्याच्या जोडीने आली. आमच्या मते मात्र वायू अडवण्याइतकीच ती मोलाची ठरली. ज्या ग्राहकाने कारखाना पाहिलेला नाही, कारखानदाराला पाहिलेले नाही, तोसुद्धा परगावच्या दुकानात उभा राहून बाटली निर्धास्त तोंडाला लावू शकला.

लोकांनी हे झाकण लगेच डोक्यावर घेतले असे मात्र झाले नाही. पेयवाल्यांच्या गोदामांत जुन्या तऱ्हेच्या हजारो बाटल्या पडून होत्या, त्यांना हे झाकण बसेना. नव्या बाटल्या घ्या, वर झाकण लावायचे यंत्रही घ्या, हे कोण ऐकणार? असे सांगतात, की पेंटर यांच्या आग्रहावरून एका बिअर कारखानदाराने नव्या झाकणाच्या बाटल्या जहाजात घालून दक्षिण अमेरिकेपर्यंत नेऊन परत आणवल्या. बिअर आली तशीच ताजी होती, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसू लागला. पेंटर यांनी झाकणाबरोबर यंत्रांचाही नाद सोडला नाही. १८९८ च्या सुमारास त्यांनी पायाने चालवायचे यंत्र आणले. त्यामुळे लहान पेयवाल्यालाही झाकण लावणे जमू लागले. पुढे १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्स यांचे बाटल्या तयार करणारे स्वयंचलित यंत्र आले. तोवर बाटल्यांची तोंडे हाताने घडवीत, त्यामुळे दोन बाटल्यांत थोडाफार फरक राहायचाच. यंत्रातून सारी तोंडे एकसारखी निघू लागली आणि पेंटर यांच्या झाकणाचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

पेंटर यांच्या कंपनीत १८९१ पासून एक विक्रेते काम करीत होते, किंग कॅम्प जिलेट. दाढीच्या पात्यांमुळे हे आडनाव पालकवर्गाला चांगलेच ठाऊक आहे! जिलेट यांना स्वतः काहीतरी शोध लावायची फार हौस. पेंटर यांनी त्यांना सल्ला दिला, की लोक एकदा वापरतील, टाकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील अशी वस्तू शोध. ही आठवण जिलेट यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. ती वस्तू शोधत जिलेट मनातल्या मनात एकेका गोष्टीवरून हात फिरवीत राहिले आणि १८९५ मध्ये एका सकाळी दाढी करताना त्यांना पातळ, बदलता येणाऱ्या पात्याची कल्पना सुचली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी वस्तऱ्यांचा आकडा ९० हजारांवर गेला.

या सल्ल्याबद्दल आमच्या मंडळात बराच वाद झाला. काहींना तो धंद्याचा उत्तम धडा वाटला. काहींचे म्हणणे पडले, की आज गावोगाव साचलेल्या कचऱ्याच्या डोंगराची पहिली टोपली या सल्ल्याने भरली. पेंटर यांच्या काळात प्लॅस्टिक नव्हते. त्यांचा पत्रा गंजून मातीत जाई आणि बाटली धुऊन पुन्हा वापरली जाई. तरीही 'वापरा आणि फेका' या विचाराचे पालकत्व त्यांच्याकडे थोडेफार जातेच, असे आम्हाला वाटते. दुसरी बाजूही आहे. पुन्हा वापरता येणारे झाकण राखणदारी करू शकत नाही. ज्याला मोडल्याचे सांगायचे आहे, त्याला मोडावेच लागते. गोटी सोडा आणि क्राउनचे झाकण यांतला हा पेच अजून कुणाला पुरता सुटलेला नाही.

१९०३ साली पेंटर कामातून निवृत्त झाले. तोवर कंपनीचा पसारा अमेरिकेबाहेर युरोपातही गेला होता. १५ जुलै १९०६ रोजी बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र ऑरिन यांनी वडील आणि आजोबा या दोघांच्या आठवणींचे पुस्तक १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेतील 'नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये पेंटर यांचे नाव दाखल झाले.

वडोदऱ्याच्या वाचकांना येथे आणखी एक साल आठवेल. पेंटर गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, आपल्या शहरात अलेम्बिक कारखाना सुरू झाला. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन हे त्याचे संस्थापक. औषधांच्या बाटल्या पाहतच या शहराच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. औषधाच्या बाबतीत सीलचे मोल सर्वांत जास्त, हे जगाला फार कडू अनुभवातून कळले. १९८२ साली अमेरिकेत शिकागोच्या परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घालून बाटल्या पुन्हा दुकानांच्या फळीवर ठेवल्या. ७ जणांचा बळी गेला. त्या बाटल्या आधी उघडल्या होत्या हे बाहेरून ओळखण्याची सोय नव्हती. कंपनीने देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने दुकानात मिळणाऱ्या अशा औषधांना छेडछाड दिसून येईल असे वेष्टन सक्तीचे केले. क्राउनचे झाकण शीतपेयाची राखण नव्वद वर्षे करीत होते. औषधाच्या बाटलीला तशी राखण मिळायला सात माणसे मरावी लागली.

आता पेंटर यांचे नातेवाईक ओळखा! औषधाच्या बाटलीचे ॲल्युमिनियमचे झाकण बाटलीवर चढवल्यावरच यंत्र त्यावर आटे उमटवते, आणि त्याची खालची पट्टी बारीक बारीक सांध्यांनी जोडलेली असते. झाकण फिरवले की सांधे तुटतात आणि पट्टी बाटलीच्या गळ्यातच राहते. पाण्याच्या बाटलीची प्लॅस्टिकची कडीही तशीच. 'कट्' असा आवाज येतो तो त्या सांध्यांचा. मुरंब्याच्या बरणीच्या झाकणावर मधोमध खोलगट भाग असतो, तो पहिल्यांदा उघडताना 'टप्' करून वर येतो. बोटाने दाबून पाहा. न उघडलेल्या बरणीचा तो भाग हलत नाही.

मात्र एक सांगायलाच हवे. सील शाबूत आहे एवढ्यावरून आतला माल खरा ठरत नाही. लबाड माणूस रिकामी बाटली भंगारातून घेतो, भलतेच पाणी भरतो आणि नवे झाकण लावतो. झाकण बिचारे एवढेच सांगते, की आपल्याला बसवल्यावर कुणी उघडले नाही. बसवणारा कोण, हे ते सांगू शकत नाही. म्हणून पाण्याच्या बाटलीवर वापरानंतर ती चुरगळून टाकण्याची सूचना छापलेली असते. सहलीतल्या त्या बाटलीचे पाणी ओतल्यावर बाईंनी बाटली पायाखाली चेपली होती, ते याचसाठी. त्या वेळी काही मुलांना वाटले, बाईंना राग आला.

पुढे झाकणातला कॉर्क गेला आणि त्याच्या जागी प्लॅस्टिकचे अस्तर आले. दातेही कमी झाले. आजच्या झाकणाला २१ दाते असतात. सोड्याच्या बाटलीची झाकणे दगडाने ठेचून, दोन भोके पाडून, दोऱ्यात ओवून भिरभिरे फिरवण्याचा खेळ पालकांपैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. ठेचण्याआधी दाते कुणी मोजले होते का? विज्ञान खोलीत खिडकीजवळच्या कपाटावर एक डबा ठेवला आहे. मुलांनी आपापली झाकणे स्वच्छ धुऊन, वाळवून त्यात टाकावीत आणि दाते मोजून शेजारच्या वहीत आकडा लिहावा. कुणाच्या आजोबांच्या जुन्या पेटीत कॉर्कची चकती असलेले झाकण सापडले, तर ते डब्यात न टाकता विज्ञानाच्या बाईंच्या हाती द्यावे.